मागच्या दोराचा माणूस

प्रिय बाबा,

आत्याचा फोन आला होता. तुम्ही वेळेवर जेवता, सकाळी तिला शिलाईच्या दुकानाचं शटर उघडून देता आणि मग दिवसभर मागच्या खोलीत बसून मशिनांना तेल घालता, एवढं तिच्याकडून कळलं. "बोलत मात्र नाही रे तुझा बाप," ती म्हणाली. "चहा हवा का विचारलं तर नुसती मान हलवतो. आणि तेल इतकं घालतो की गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर डाग पडायला लागलेत. मी म्हटलं, अरे दादा, ही मशिनं आहेत, बोटी नव्हेत." यावर तुम्ही हसलात का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. मग तिने फोन तुमच्या कानाला लावला. मला तुमचा श्वास ऐकू आला आणि त्यामागे मशिनची टकटक. काय बोलायचं ते मी आधी कागदावर लिहून ठेवलं होतं, पण कागद समोर धरल्यावर आवाज निघेना. म्हणून हे पत्र लिहितोय. पत्राला लगेच उत्तर द्यावं लागत नाही.

घर ठीक आहे. तुम्ही गेलात त्या सकाळी तुमचा डबा ओट्यावर पालथा घातलेला होता, तो मी तसाच ठेवलाय. गच्चीच्या दाराची कडी नीट लागत नव्हती, ती बसवली. मला काही झालेलं नाही. म्हणजे खरंच काही होत नाही, बाबा. काका गेल्यापासून मला रडू आलं नाही, राग आला नाही, भूक वेळेवर लागते. पूर्वी गॅस बंद केलाय की नाही या धास्तीने मी जिन्यातून परत यायचो. अजूनही येतो, पण धास्ती वाटत नाही, नुसते पाय वळतात. परवा दाढी करताना कापलं, ते शर्टाच्या कॉलरवर रक्त दिसल्यावर कळलं. शर्ट थंड पाण्यात भिजवला. डाग गेला.

संध्याकाळी काकूकडे जातो. आई गेल्यानंतर तिच्याच ताटात जेवून मी मोठा झालो, त्यामुळे तिथे जायला कारण लागत नाही. ती माझ्यासमोर रडत नाही. भाजी निवडते आणि मला बोलते. "तुझा बाप माझ्या माणसाला पोचवून आला आणि दुसऱ्या सकाळी बॅग उचलून पळाला. तू इथे येऊन भुतासारखा बसतोस. एक बोलत नाही, दुसरा हलत नाही. तुम्हा दोघांचं करायला मीच उरले वाटतं." मी तिला लसूण सोलून देतो. काकांची खुर्ची अजून खिडकीपाशी आहे. एकदा चुकून तिच्यावर बसलो, तर म्हणाली, "बस, बस. खुर्चीच आहे ती." मग थोड्या वेळाने उठून मला दुसरी आणून दिली.

आता मी जुन्या बोटीबद्दल लिहिणार आहे. तुम्हाला ती माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे, पण एकेक गोष्ट क्रमाने मांडल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मी शिकवायचं सोडून धक्क्यावर कामाला लागलो तेव्हा काका म्हणायचे ना, "मास्तर, तू शाळा सोडलीस, पण शाळेने तुला सोडलं नाही." तर, जुन्या बोटीला पाण्याखाली एकच पंखा होता. तो एकाच दिशेने फिरायचा, त्यामुळे रिव्हर्स टाकला की बोट सरळ मागे न जाता तिचं शेपूट डावीकडे ओढलं जायचं. दुसऱ्या धक्क्यांवरचे चालक त्याला बोटीचा दोष म्हणायचे. तुम्ही म्हणायचात, दोष नाही, खोड आहे, आणि खोड एकदा कळली की तिच्याकडून काम करून घेता येतं. तुम्ही चाकावर, काका मागच्या दोराला, असं दोघांनी सगळं काम त्या खोडीवर बसवलं होतं. बोटीचं नाक तिरकं करून डाव्या अंगाने धक्क्याजवळ यायचं, रिव्हर्स टाकायचा, बोट थरथरायची, आणि शेपूट आपोआप आत येऊन धक्क्याला बांधलेल्या टायरांना टेकायचं. त्या थरथरीला काका दोर घेऊन पाऊल टाकायचे. पाण्याकडे बघायचे नाहीत. नजर धक्क्यावरच्या खुंट्यावर. आणि तुम्हीही मागे वळून बघायचा नाहीत.

तुम्हाला दोघांना त्याचा केवढा अभिमान होता! रोज पलीकडच्या दवाखान्यात जाणाऱ्या त्या नर्सबाईंनी एकदा काकांना विचारलं होतं, तुमचं आणि चालकांचं भांडण आहे का, कधी एक शब्द बोलताना दिसत नाही. काका म्हणाले, "बाई, भांडायलासुद्धा बोलावं लागतं." सगळी बोट हसली होती. तुम्ही समोर बघत होतात, पण तुमचे कान हलले, ते मी पाहिलं. मला तुम्ही एकदा समजावलं होतं की काका उतरले की बोट मागून जराशी हलकी होते आणि ते तळपायाला कळतं. ते कळलं की माणूस धक्क्यावर सुखरूप आहे, मग पुढचं करायचं. हे मी काकांना सांगितल्यावर त्यांनी शर्टावरून पोटावर थाप मारली. "म्हणजे हे पोट तुझ्या बापाची घंटा आहे तर! तरी तुझी काकू म्हणते, कमी कर."

मग नवी बोट आली. तिला एकामागे एक असे दोन पंखे, एक उजवीकडे फिरणारा आणि दुसरा डावीकडे. एकाची ओढ दुसरा मोडतो, त्यामुळे रिव्हर्समध्ये ती पट्टी लावून रेघ मारावी तशी सरळ मागे जाते. तिला सुकाणू नाही. मागे पाण्यात इंजिनाचा एक पाय लोंबतो, तो पंख्यांसकट वळतो आणि तोच बोट वळवतो. ती चालवायला शिकवण्यासाठी कंपनीने सरांना पाठवलं. तुम्ही रिकामी बोट घेऊन त्यांच्याबरोबर शिकत होतात, तेव्हा मी धक्क्यावर नवे टायर बांधत होतो. पहिल्या दिवशी तुम्ही जुन्या सवयीने नाक तिरकं आणलंत, रिव्हर्स टाकलात आणि शेपटाची वाट बघत बसलात. शेपूट आलं नाही. बोट धक्क्यापासून हातभर लांब शांत उभी राहिली. तेव्हा तुम्ही मागे वळून पाहिलंत. मी तुम्हाला चाकावरून मागे वळून बघताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. पण तुम्ही शिकलात, बाबा. आधी चाक फिरवायचं, मग गिअर टाकायचा, थोडासाच, आणि लगेच काढायचा. शेवटी शेवटी तर सर बोट बघायचे सोडून तुमचे हात बघायला लागले होते.

त्या सगळ्या दिवसांत काका जुन्या बोटीवर बदली चालकाबरोबर फेऱ्या मारत होते. त्यांनी मॅनेजरला विचारलंही होतं, "आम्हाला शिकवणी नाही का साहेब?" मॅनेजर म्हणाले, "दोर तो दोरच, काका. त्यात काय शिकायचं?" आणि काका स्वतःच हसले. मीही हसलो होतो.

त्या सकाळचं लिहितो. मला लिहिताना काही होत नाहीये, पण तुम्हाला वाचताना होईल, तेव्हा हवं तर हा परिच्छेद सोडून द्या. प्रवासी घेऊन पहिली फेरी होती. वारा फारसा नव्हता. मी धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला होतो. तुम्ही नाक तिरकं आणलंत, रिव्हर्स टाकलात. बोट थरथरली, कारण थरथर दोन्ही बोटींना होते. त्या थरथरीला काकांनी पाऊल टाकलं. नजर खुंट्यावर, दोर हातात. बोट सरळ थांबली होती, शेपूट आत आलं नव्हतं, आणि पावलाखाली धक्का नव्हता, पाणी होतं. मागून बोट हलकी झाली. तुमच्या तळपायाला ते कळलं. काका उतरले असं तुम्ही समजलात. मग शेपूट आत घ्यायला तुम्ही चाक डावीकडे फिरवलंत आणि थोडा रिव्हर्स दिलात, अगदी शिकवलं होतं तसा. शेपूट आत आलं. इतक्या बेताने टेकलं की प्रवाशांपैकी कुणाच्या हातातली पिशवीही हलली नाही. मी ओरडलो असं लोक सांगतात. मला माझा आवाज आठवत नाही. तुम्ही इंजिन बंद केलंत आणि दोन्ही हात चाकावर ठेवून बसलात, तेवढंच आठवतं. पोलिसांनी तुमचा एकेक हात सोडवला.

चहाच्या टपरीवर लोक म्हणाले, म्हाताऱ्याला नवी बोट झेपली नाही. चौकशी झाली, त्यात कुणालाच दोष दिलेला नाही, तुमचा परवानाही तसाच आहे. पण चौकशीतल्या साहेबांना तळपायाचं माहीत नव्हतं आणि त्याच दिवशी घेतलेल्या जबाबात तुम्ही ते सांगितलं नाहीत. तुम्ही ते माझ्याशीही बोलला नाहीत. मी धक्क्यावर टायर धूत असताना एकदा ते आपोआप माझ्या डोक्यात जुळलं. तुम्हाला नवी बोट झेपली होती, बाबा. ती यायला हवी तशीच तुम्ही आणलीत. जुनी बोट काकांच्या पायात राहिली होती आणि तुमच्या तळपायात. हे लिहून तुमचं मन हलकं होईल असं मला वाटत नाही. माझंही झालं नाही. पण टपरीवरचं खरं मानून तुम्ही तिथे बसला असाल, तर ते खरं नाही, एवढं कळावं.

आता माझी बातमी. मॅनेजरनी मला बोलावून विचारलं, चालकाची परीक्षा देशील का? मी हो म्हणालो. नाही म्हणायला आधी काहीतरी वाटावं लागतं. सर पुन्हा आले आणि मला शिकवू लागले. सावकाश चालवताना ही बोट नाक डावी-उजवीकडे हलवत राहते. ती डावीकडे गेली की मी चाक उजवीकडे फिरवायचो, मग ती उजवीकडे जास्तच जायची, मग मी पुन्हा डावीकडे. धक्क्यावरची माणसं बघत उभी राहायची. सर म्हणाले, "तू तिच्यामागे धावतोयस. तिला भटकायचं तेवढं भटकू दे, मधली वाट तू सोडू नकोस." तसं केल्यावर ती खरोखर सरळ चालली. मागे घेताना नाक हलकं असतं, वारा ते उडवून नेतो. म्हणून वारा कुठून आहे ते आधी बघायचं. जोरात मागे घेतलं तर पाणी मागून आत चढतं. आणि एक गोष्ट मला सगळ्यात उशिरा कळली. न्यूट्रलमध्ये असताना चाक कितीही फिरवलं तरी काही होत नाही. पंखे फिरत नसतील तर हातात नुसतं एक गोल असतं. सरांनी हे सांगितलं तेव्हा मी बराच वेळ त्या चाकाकडे बघत होतो. सरांना वाटलं, समजलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं.

परीक्षेत मी पास झालो. परीक्षकांनी बोट धक्क्याला मागून लावायला सांगितली, तशी लावली. माझे हात थरथरले नाहीत. माझे! शाळेत फळ्यावर स्वतःचं नाव लिहितानाही ज्याचे हात थरथरायचे, त्याचे. सर म्हणाले, "बापाचा हात आहे." मी आभार मानले आणि त्यांना तळपायाचं सांगितलं. सगळं, क्रमाने. त्यांनी चष्मा काढला आणि बराच वेळ शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. "दोर धरणाऱ्याला मी एक दिवसही बोटीवर बोलावलं नाही," ते म्हणाले. "मला सुचलंच नाही." मग ते मॅनेजरकडे गेले आणि नवा नियम करून घेऊनच निघाले. आता दोर धरणारा उतरत नाही. तो बोटीतच उभा राहून आकड्याच्या काठीने दोराचा फास खुंट्यात अडकवतो. आणि रिव्हर्स टाकायच्या आधी प्रत्येक वेळी चालकाने मोठ्याने विचारायचं, "मागे?" मागच्या माणसाने पाण्याकडे बघून सांगायचं, "मोकळं." त्याचा आवाज आल्याशिवाय गिअरला हात लावायचा नाही. याची पाटी मीच रंगवली आणि चाकाच्या वर बसवली.

कंपनीने दोराला दोन मुलगे पाठवले. पहिल्याला "मागे?" म्हटलं की तो मोबाइलमधून डोकं वर न काढता "मोकळं, मोकळं" म्हणतो. कधी कधी मी विचारायच्या आधीच म्हणतो. दुसरा चांगला आहे, पण उतावळा. धक्का दिसला की त्याच्या पायांना दम धरवत नाही. परवा रिकाम्या बोटीवर त्याने उडी मारायला पाय उचलला, तसं मी इंजिन बंद केलं आणि बोट तशीच सोडून दिली. ती वाऱ्याबरोबर आडवी होत पाण्यात फिरत राहिली. मॅनेजर धक्क्यावरून हात हलवत ओरडले, "अरे, काय झालं? लाव की!" मी म्हणालो, "मागे कुणी नाही." ते म्हणाले, "तो काय उभा आहे!" मी त्या मुलाचे दोन्ही पाय बोटीत येईपर्यंत थांबलो.   बोट लावून घरी निघालो, तर दोर नीट बांधलाय की नाही या धास्तीने दोनदा परत जाऊन बघितलं, आणि या वेळी नुसते पाय वळले नव्हते. मला बरं वाटलं, बाबा. भीती वाटली आणि बरं वाटलं.

त्या संध्याकाळी काकूला हे सगळं सांगितलं. ती पालेभाजी निवडत होती. हातातली जुडी संपवली. मग म्हणाली, "बापाला लिही." मी म्हणालो, "काय लिहू?" तर म्हणाली, "मी सांगते ते लिही. इतकी वर्षं माझा माणूस मागे उभा राहिला आणि हा पुढे. ह्याने एकदा मागे बघितलं नाही, त्याने एकदा खाली बघितलं नाही. एकमेकांवर विश्वास म्हणे! दोघेही सारखेच शहाणे. एक गेला. दुसऱ्याला म्हणावं, आता तू मागे उभा राहा. आणि बघ." एवढं बोलून तिने देठं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि मला कचऱ्यात टाकायला दिली. मी दाराशी पोचल्यावर पाठीमागून म्हणाली, "आणि लिही की इकडे जेवायला ये म्हणावं. मला दोन माणसांचा स्वयंपाक येत नाही, तीन माणसांचाच येतो."

हे पत्र मी त्यासाठी लिहितोय. सोमवारपासून प्रवाशांसह नवी बोट माझ्याकडे आहे आणि मागच्या दोराला भरवशाचा माणूस नाही. तुम्ही चाकाला हात लावू नका, मी लावायला सांगणारही नाही. तुम्ही पुढे बघू नका. मागे उभे राहा, तोंड पाण्याकडे करून. मॅनेजरना मी विचारलंय, ते हो म्हणालेत. आत्याशी बोलला नाहीत तरी चालेल, काकूसमोर गप्प बसलात तरी ती दोघांचं बोलून घेईल. घरी माझ्याशीही बोलू नका हवं तर. फक्त मी "मागे?" असं विचारल्यावर एक शब्द बोला. मोकळं असेल तर तसं सांगा, नसेल तर नाही म्हणा. आवाज लगेच निघाला नाही तरी हरकत नाही, मी थांबेन. बोट वाऱ्याने भरकटली तर पुन्हा फिरवून आणेन. प्रवासी कुरकुर करतील, मॅनेजर ओरडतील, त्यांना ओरडू दे. हे लिहिताना माझा हात हलतोय, शेवटच्या ओळींचं अक्षर बिघडलंय. शुद्धलेखन तपासलं आहे, अक्षर तसंच राहू देतो. तुमचा आवाज ऐकल्याशिवाय मी रिव्हर्स टाकणार नाही.

तुमचाच,
मास्तर